त्या ओळीत कुणी गात नव्हतं

कणकेला पाणी कमी पडलंय हे डोळ्यांच्या आधी हाताला कळतं. समूहगीत शिकवणाऱ्या बाईच्या कानाचंही तसंच असतं. कोण घसा दुखतोय म्हणून हळू म्हणतंय, कोण आज नाश्ता न करता आलंय, कोणाचं लक्ष खिडकीबाहेर आहे, हे मला पेटीवरून मान वर न करता कळतं. इतकी वर्षं हेच केलंय, दुसरं काही येतही नाही.

त्या दिवशी सराव करताना मी एका ओळीवर आले आणि माझ्या कानाला वाटलं, मुलं खोलीतून उठून गेली. मान वर केली तर सगळी जागच्या जागी उभी. सगळ्यांचे ओठ हलतायत. ऐकू मात्र दोनच गोष्टी येत होत्या, माझी पेटी आणि मागच्या रांगेतला एक जाड आवाज. ती ओळ संपली, पुढची आली, आणि सगळी पोरं पुन्हा बेंबीच्या देठापासून गायला लागली.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच झालं. मग मी भाता सोडला, उठले, आणि म्हटलं, आता पेटी नाही, तुम्ही म्हणा, मी रांगेतून फिरते. हे मी नेहमी करते. प्रत्येकाच्या तोंडाजवळ कान नेला की कोण गातंय आणि कोण फसवतंय ते लगेच समजतं. पहिल्या रांगेत कान लावला, नुसती हवा. दुसऱ्या रांगेतही हवाच. आमच्या शाळेतल्या सगळ्यात सुरेल पोरीच्या तोंडाशी कान नेला तर ती ओठ इतके नीट हलवत होती की शब्द वाचता यावेत, आणि आवाज मात्र शून्य.

मला राग पटकन येतो. तो तेव्हाही आला. विचारलं, हा काय तमाशा आहे? सगळे एकमेकांकडे न बघण्याची खबरदारी घेत होते. शेवटी पहिल्या रांगेतला एक मुलगा खाली बघत म्हणाला, "टीचर, मम्मी ने मना किया है. बोली, खडे रहना, होंठ हिलाना, वो लाइन मत बोलना."

त्याने तोंड उघडलं आणि मग सगळ्यांनाच कंठ फुटला. एकीला आजोबांनी सांगितलं होतं, एकाला अब्बूंनी, एकाला चाळीतल्या काकूंनी. घरं वेगळी, देव वेगळे, पण सूचना तंतोतंत तीच. ती ओळ गाण्यातून काढून टाका म्हणायची कुणाची हिंमत नव्हती, कारण मग आपणच एकोप्याच्या विरोधात आहोत असं दिसलं असतं. तेव्हा उभं राहायचं आणि ओठ हलवायचे. ही युक्ती खरं तर आमच्याच धंद्यातली. स्पर्धेला उभ्या केलेल्या बेसुऱ्या पोराला संगीताच्या बाई वर्षानुवर्षं हेच सांगत आल्यात, आणि आताचे पालक म्हणजे तीच पोरं मोठी झालेली.

ती ओळ आमच्या प्रिन्सिपल मॅडमची. त्या कविता करतात, म्हणजे शाळेच्या गॅदरिंगपुरत्या. आमच्या भागात एका मिरवणुकीवरून दोन गल्ल्यांत भांडण पेटलं होतं, दगड पडले होते, दुकानांची शटरं काही दिवस खालीच होती. शाळा बंद ठेवावी लागली. शाळा उघडली तेव्हा नाक्यावर पोलिसांची निळी गाडी उभी होती आणि डबे द्यायला येणाऱ्या आया गेटशी उभं राहून गप्पा मारायच्या बंद झाल्या होत्या. मग शांतता समितीने ठरवलं की महापालिकेच्या हॉलमध्ये शाळांचा कार्यक्रम घ्यायचा, मुलांनी एकतेची गाणी म्हणायची. मॅडमनी एका रविवारी बसून गाणं लिहिलं आणि सोमवारी माझ्या हातात ठेवलं. त्यात ती ओळ होती: "आरती, अजान, गुरबाणी, प्रार्थना, एकाच सुराच्या चार या ताना."

मी म्हटलं, मॅडम, तान म्हणजे असं नसतं. त्या म्हणाल्या, यमक जुळतंय ना, बघा की चाल लावून. मी लावली. चाल बरी झाली होती, त्या ओळीवर सूर हळूहळू वर चढत जातो आणि तिथेच गाणं उघडतं. दोन-तीन जैन पालकांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, यात आमचं काय? मॅडमनी त्यांना सांगितलं, आरतीत तुम्ही आलातच. ते फार खूश झाले नाहीत, पण परत गेले.

आणि आता त्या उघडणाऱ्या जागी गाण्यात भोक पडलं होतं.

जाड आवाजाची मुलगी सातवीतली. उंच, वेण्या घट्ट, बोलताना खाली बघणारी. तिचा सूर जरा उतरतो. फार नाही, पण उतरतो. गायला मात्र तिला मनापासून आवडतं, संगीताचा तास बुडाला तर ती एकटीच विचारायला यायची. म्हणून मी तिला काढलं नव्हतं, मागे दोन पक्क्या आवाजांच्या मध्ये उभी केली होती, म्हणजे तिचं उतरणं त्यांच्यात मुरून जाईल. ते दोन पक्के आवाज आता मुके झाले होते आणि ती उघडी पडली होती.

मी तिला विचारलं, तुला घरी कुणी काही सांगितलं नाही का? ती म्हणाली, "मला कोणीच नाही बोललं, टीचर." मग तिने घाबरून विचारलं, "मी पण नको म्हणू का?"

मी म्हटलं, तू म्हण. तेव्हा मला ते फार बरोबर वाटलं.

मॅडमना जाऊन सांगितलं, ती ओळ काढूया. मॅडमच्या टेबलावर कार्यक्रमाची छापील पत्रिका होती, तीत गाण्याचं नावच "चार ताना" होतं आणि ती पोलीस स्टेशनलाही गेली होती. मॅडम म्हणाल्या, ती ओळ काढली तर उद्या विचारतील, कुणाच्या सांगण्यावरून काढली. मी म्हटलं, मग म्हणणार कोण? त्या म्हणाल्या, तुमची पेटी जरा मोठी वाजवा त्या जागी, कुणाला कळतंय. मी त्यांना बरंच बोलले. तोंडावर बोलायची मला खोड आहे आणि मॅडमना ऐकून घ्यायची. त्या वाईट बाई नाहीत. त्यांच्या खुर्चीवर मी असते तर मीही कदाचित तेच म्हटलं असतं, पण मी त्या खुर्चीवर नव्हते, त्यामुळे मला चिडता येत होतं.

पेटी मी मोठी वाजवली नाही. सराव तसाच चालू राहिला. रोज ती ओळ यायची, रोज सगळे ओठ हलवायचे आणि रोज मागून एकटीचा आवाज यायचा, आमच्या पट्टीच्या, काळी चारच्या, जरासा खाली. काही मुलं हसायला लागली. मी एकाला वर्गाबाहेर उभं केलं. पण बाहेर उभं करून हसू थांबतं, घरी जाऊन सांगणं थांबत नाही.

आठवडा उलटायच्या आत तिची आई आली. शाळा सुटल्यावरची वेळ होती, मी पेटीवर कापड टाकत होते. आई एका खासगी हॉस्पिटलात बिलिंगच्या खिडकीवर काम करायची, तिथल्याच फिक्या निळ्या साडीत थेट आली होती. चपला दाराबाहेर काढल्या. मुलगी तिच्यामागे उभी. मी बसा म्हटलं, तर ती बसली नाही.

तिने सांगितलं ते असं. त्यांचं मूळ मराठवाड्यातलं, पण ती लहानाची मोठी झाली पेणकरपाड्याच्या वस्तीत, एका खोलीत. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याने आणि तिने हिंमत करून पूनम सागरकडच्या एका बिल्डिंगमध्ये भाड्याने ब्लॉक घेतला. आधी तीन ठिकाणी आडनाव ऐकून नाही म्हणाले होते. आता ॲग्रीमेंट संपत आलं होतं आणि पुन्हा करायला सोसायटीची एनओसी लागणार होती. सोसायटीचे सेक्रेटरी एक वयस्कर गृहस्थ, त्यांचा नातू आमच्याच गाण्यात पहिल्या रांगेत. परवा खाली पार्किंगमध्ये त्यांनी तिच्या नवऱ्याला थांबवलं आणि हसत विचारलं, तुमची मुलगी एकटीच अजान म्हणते म्हणे?

"हसून विचारलं," ती म्हणाली. "म्हणून तर भीती वाटली. रागानं विचारलं असतं तर भांडता आलं असतं."

मी तिला समजावायला गेले. म्हटलं, ती अजान म्हणत नाही, गाण्यात तो नुसता एक शब्द आहे, आरती पण म्हणते, गुरबाणी पण म्हणते. ती ऐकत होती. माझं संपल्यावर तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "टीचर, त्या ओळीत आमचं काय आहे?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आरती यांच्याकडे नाही. अजान नाही, गुरबाणी नाही, प्रार्थना म्हणजे मॅडमच्या डोक्यात चर्च होतं. यांच्याकडे बुद्धवंदना म्हणतात. ती ओळ मी महिनाभर वाजवत होते, तिच्यावर चाल बसवली होती, तान शब्दावरून मॅडमशी वाद घातला होता, आणि हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. ज्यांची नावं त्या ओळीत होती ते सगळे गप्प बसले होते. जिचं नाव नव्हतं ती एकटी म्हणत होती, कारण तिच्या घरी कुणाला त्या ओळीबद्दल काही म्हणावंसंच वाटलं नव्हतं.

"आमचं नाव गाण्यात नाही ते नाही," आई म्हणाली. "त्याचं मला काही नाही. सवय आहे. पण मग बोलणी तरी आम्ही का खायची? माझ्या मुलीला काढा तुम्ही गाण्यातून."

मुलगी आईच्या पाठीमागूनच म्हणाली, "मी ओठ हलवीन, आई. सगळ्यांसारखे."

मला तेव्हा रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. लाज वाटली, आणि लाज वाटली की मी कडक बोलते. मी म्हटलं, आता काढली तर तेही सगळ्यांच्या डोळ्यांवर येईल, का काढली म्हणून. आईने विचार केला. तिला ते पटलं. असल्या गोष्टींचा हिशेब तिचा माझ्यापेक्षा पक्का होता. मग तिने माझ्याकडून शब्द घेतला: मुलगी मागेच उभी राहील, ती ओळ म्हणणार नाही, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जाईल असं मी काही करणार नाही. मी शब्द दिला.

त्या दिवसापासून ती ओळ म्हणणारं कुणीच उरलं नाही. सरावात ती जागा आली की नुसती पेटी वाजायची आणि सगळे ओठ हलायचे. मला स्वतःच्या बोटांची चीड यायला लागली. मी मुलांकडे बघायचं टाळायला लागले, आणि मुलं माझ्याकडे.

मग मला सुचलं ते संगीतातल्या कोणत्याही माणसाला आधीच सुचायला हवं होतं. शब्द काढून टाकायचे आणि तीच चाल नुसत्या "आ"मध्ये गायची. आम्ही त्याला आकार म्हणतो. "आ" म्हणायला कुणाच्या घरून बंदी असणार नव्हती. मॅडम म्हणाल्या, पण मग चार ताना कुठे दिसणार? त्यावर आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी तोड काढली. मुलांनी मोठे पुठ्ठे रंगवायचे, निरांजन, चंद्रकोर, शिखांचा खंडा, क्रूस, आणि त्या ओळीला पहिल्या रांगेने ते वर धरायचे. फोटोत छान दिसेल, सर म्हणाले. मॅडमना ते आवडलं. लगेच दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या यायला लागल्या, आमच्या मुलाच्या हातात अमुक पुठ्ठा देऊ नका. सरांनी निमूट अदलाबदल केली, आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात ज्याचं त्याचं चित्र आलं. ही आमची एकता. मी हे सरांना बोलून दाखवलं तर ते म्हणाले, बाई, पुठ्ठे फाडले नाहीत कुणी, एवढ्यात समाधान माना.

मी सरांकडून अजून एक पुठ्ठा मागितला, धम्मचक्राचा. मॅडम म्हणाल्या, गाणं चार तानांचं आहे. मी म्हटलं, गाणं तुम्ही लिहिलंय, पाच करा. त्या खरंच ओशाळल्या आणि हो म्हणाल्या. मग मी मुलीच्या आईला फोन केला. आकार कळवला, तो म्हणायला तिने परवानगी दिली, त्यात काय, त्यात शब्दच नाहीत. मग पाचव्या पुठ्ठ्याबद्दल सांगितलं.

"नको, टीचर," ती म्हणाली. "आता आठवण झाली म्हणून नको. आणि तो धरणार कोण? माझीच पोरगी ना?"

मी पुठ्ठ्याचा विषय सोडून दिला. रंगवलेलं चक्र सरांच्या कपाटात राहिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलच्या दाराशी पोलीस पिशव्या तपासत होते. मुलांचे पाण्याच्या बाटल्यांचे पट्टेसुद्धा उलगडून पाहिले. आत खुर्च्यांच्या दोन बाजू होत्या आणि मधून वाट. कुणी सांगितलं नव्हतं, तरी पालक दोन बाजूंना वाटून बसले होते. वाटेच्या कडेच्या खुर्च्या दोन्हीकडून रिकाम्या. पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे म्हणून आमच्या भागातले पोलीस इन्स्पेक्टर. त्यांच्या मागे शांतता समिती, आणि तिथेच ते सेक्रेटरी, पांढरा सदरा घालून. मुलीची आई मागे, दाराजवळ उभी होती. बसायला जागा होती, तरी उभी.

आमच्या आधी एका शाळेचं नाटुकलं झालं. त्यात एका मुलाने दुसऱ्याला ढकलायचं दृश्य होतं. ढकललं, आणि हॉलमध्ये इतकी शांतता झाली की त्या ढकलणाऱ्या मुलाने घाबरून दुसऱ्याला स्वतःच उचललं. ते नाटकात नव्हतं हे उघड दिसत होतं. माझे हात गार पडले होते. पेटी वाजवणाऱ्याचे हात गार पडणं चांगलं नाही.

आम्ही सुरुवात केली. पहिलं कडवं नीट गेलं. मुलं गात होती, तबल्यावरचा पोरगा ठेका धरून होता. मग ती ओळ आली. पहिल्या रांगेने पुठ्ठे वर केले. त्याच क्षणी मागून, हॉलच्या डाव्या बाजूने, एक माणूस उभा राहून मोठ्याने काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते मला आजही माहीत नाही. कुणी म्हणतं, पुढच्या माणसाला मोबाइल खाली घे म्हणाला, कुणी दुसरंच सांगतं. दारातले दोन पोलीस आत वळले. उजव्या बाजूचेही काही लोक उभे राहिले. इन्स्पेक्टरांनी मान वळवली.

मुलं थिजली. पुठ्ठे वर धरलेले, तोंडं उघडी, आणि "आ" कुणाच्याच गळ्यातून निघेना. माझी बोटं चालत होती म्हणून पेटी चालत होती. मला वाटलं, आता कुणीतरी खुर्ची ढकलेल, आणि मग पोरांना घेऊन मागच्या दाराने कसं पळायचं, एवढंच डोक्यात आलं.

आणि मागच्या रांगेतून तो जाड आवाज आला. "आ." एकटीचा, जरा उतरलेला, पेटीच्या सुराला घासणारा.

मला कळलं की माझ्या हातात एकच गोष्ट आहे. भाता जोरात मारायचा, पेटीच्या सगळ्या खुंट्या ओढायच्या आणि तिला पेटीखाली लपवायची. मी तिच्या आईला तसा शब्दच दिला होता. पेटी मोठी झाली असती तर हॉलमध्ये कुणालाच कळलं नसतं की एवढ्यांतली एकच मुलगी गातेय. नाहीतर पेटी सोडून द्यायची. पेटी वाजत होती तोवर ती बेसूर होती. पेटी थांबली की तिला बेसूर ठरवणारंच कुणी उरणार नव्हतं, पण मग सगळ्या हॉलला फक्त तीच ऐकू जाणार होती.

मी हात उचलले.

ती थांबली नाही. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, डोळे मोठे करून, आणि सूर वर नेत राहिली, तिच्या स्वतःच्या पट्टीत. चाल बरोबर होती. दम अपुरा पडत होता तो तिने मध्येच घेतला आणि पुढे गेली. हॉलमध्ये उभी राहिलेली माणसं उभीच होती, पण बोलत नव्हती. मग तिच्या बाजूची पक्क्या आवाजाची मुलगी तिच्यात मिळाली. तिने काळी चार शोधली नाही, शेजारणीचाच सूर उचलला. मग दुसरी बाजू. मग मधली रांग, मग पुठ्ठे धरलेले. सेक्रेटरींचा नातूही. एवढी सगळी मुलं, तिच्या उतरलेल्या सुरात, एकाचाही सूर इकडेतिकडे नाही. मी त्या मुलांना इतकी वर्षं शिकवत होते, इतकी एकसूर ती माझ्याकडे कधीच गायली नव्हती.

पुढची ओळ आली तेव्हा मला पेटीवर परत येता येईना. त्यांचा सूर माझ्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी होता, तिथे पेटीला पट्टीच नसते. मी हात मांडीवर ठेवून बसले. राहिलेलं गाणं त्यांनी तसंच म्हटलं, नुसत्या ठेक्यावर, शेवटपर्यंत.

टाळ्या पडल्या. आधी तुरळक, मग बऱ्या. उभी असलेली माणसं बसली, काही बाहेर निघून गेली. पडद्यामागे ती माझ्याकडे आली आणि घाईघाईने म्हणाली, "टीचर, बाकीचे थांबले ते मला कळलंच नाही." ती खोटं बोलत होती. तिला कळलं होतं, मी तिचे डोळे पाहिले होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या आईला काय सांगायचं याचा विचार करत राहिले.

बाहेर पॅसेजमध्ये चहा होता. गर्दीत मला तिची आई दिसली आणि मी जवळ गेले. मी म्हणणार होते की माझं चुकलं, मी शब्द मोडला. त्याआधीच इन्स्पेक्टर आमच्या मॅडमसमोर येऊन उभे राहिले. हातात कप होता. गणवेशातला माणूस साधं विचारायला लागला तरी भोवतीची माणसं बोलणं थांबवतात, तशी थांबली. त्यांनी विचारलं, "मॅडम, ती मधेच एकटी म्हणायला लागली ती मुलगी कोणाची?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग अगदी सहज म्हणाल्या, सर, सगळ्यांनी मिळूनच सुरू केलं होतं. त्या क्षणी मला त्या बाई फार आवडल्या. मीही मान डोलावली. सेक्रेटरी दोन पावलांवर उभे होते, नातवाचं बोट धरून. त्यांना नाव माहीत होतं, ते हसत होते, पण बोलत नव्हते. मुलगी आईच्या साडीआड सरकली. सगळं तिथेच मिटलं असतं. इन्स्पेक्टर वळायलाच लागले होते.

"माझी आहे, साहेब," तिची आई म्हणाली. मुलीचा दंड धरून तिने तिला पुढे घेतलं. मग इन्स्पेक्टरांकडे न बघता, सेक्रेटरींकडे बघून म्हणाली, "यांच्याच बिल्डिंगमध्ये राहतो आम्ही. भाड्यानं. पुढंही राहणार आहोत."